नफा, तोटा आणि गल्ला

आदिलाबादच्या बाजारात पंपाच्या मोटरीचं वाइंडिंग करणाऱ्याचा हिशेब सरळ असतो: गल्ल्यात पैसे आहेत म्हणजे नफा. आणि उधारी? ती कापूस विकल्यावर!

या हिशेबावर तोडगा जुनाच आहे: लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूनं १४९४ मध्ये व्हेनिसला द्विनोंदी पद्धत छापली. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा. दीड हजाराचं काम उधारीवर झालं, की शेतकऱ्याच्या नावे दीड हजार, सेवा-उत्पन्नाला जमा दीड हजार. पैसे आले, की रोकड नावे, शेतकरी जमा. उत्पन्न पुन्हा धरायचं नाही.

गल्ल्यातून मुलाची फी भरली, तर ती उचल, धंद्याचा खर्च नव्हे. इथं मात्र साधूनंही हात टेकले असते. दोनदा राहू द्या, उचल एकदाही लिहिली जात नाही. मार्चअखेर गल्ल्याचा ताळा जुळला नाही, की दोष हिशेबनीसाचा.