चारशेच्या वेगाने अणशी घाट

जोयडा तालुक्यात नाकासमोर जाणारा रस्ता आम्ही पहिल्यांदा पाहिला तो टीव्हीवर, 'रोड फायटर' नावाच्या गेममध्ये. जपानच्या कोनामी कंपनीने तो 1984 साली आर्केडसाठी काढला आणि पुढच्याच वर्षी निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर आणला. आमच्याकडे तो पोचेपर्यंत नव्वदचं दशक उजाडलं. तोही नकली यंत्रावर, 9999 गेम असल्याचं छाती ठोकून सांगणाऱ्या कॅसेटमधून. त्यातले खरे गेम थोडेच, बाकीची नुसती नावं. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची. ही विद्या मात्र आम्हाला शिकवावी लागली नाही.

घारीला दिसावी तशी लाल गाडी वरून दिसे. एका बटणाने 224 पर्यंत वेग, दुसऱ्याने थेट 400. आणि मुख्य म्हणजे समोरून कोणी येतच नसे! सगळ्या गाड्या एकाच दिशेला. म्हैस नाही, हेअरपिन वळण नाही, 'आधी तू मागे घे' म्हणणारा लाकडाचा ट्रक नाही. अणशी घाटातून कारवारला जाणाऱ्या लाल बसमध्ये पोट सांभाळत बसणाऱ्यांना दुसरा स्वर्ग कोणता हवा?

या स्वर्गात पेट्रोल अंतरावर नाही, वेळेवर जळे. गाडी उभी असली तरी काटा खाली. म्हणजे सावकाश, जपून चालवणारा वाटेतच संपायचा. घाटाचा न्याय नेमका उलटा. शिवाय एका रंगीबेरंगी गाडीला आपली गाडी लागली की टाकीत भर पडे. बराच वेळ न धडकता गेलं, तर बाजूने एक उडता वीर हजार गुण देऊन जाई. घाट बिनओरखडा उतरवणाऱ्या ड्रायव्हरला अजून कोणी दहा गुणही दिल्याचं ऐकिवात नाही.

तालुक्यात काळी नदीवर 101 मीटर उंचीचं सुपा धरण. त्यात जुनं सुपा गाव रस्त्यांसकट बुडालं. पायथ्याशी गणेशगुडीला 100 मेगावॉटचं वीजघर. तरी पावसाळ्यात करंट जायचा, तोही तिसऱ्या टप्प्यावर. खेळ राखून ठेवायची सोय नव्हती, पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही अणशीमार्गे निघालात, तर टाकी आधीच भरून घ्या. इथे गाडीला गाडी लागली तर पेट्रोल मिळत नाही, भांडण मिळतं. तेही कोकणी, कन्नड आणि मराठी, तिन्ही भाषांत.