आवाज येतो, चित्र येत नाही

प्रत्येक खानदानात एक माणूस असा असतो, की लग्नाची यादी, मुहूर्त, मानपान यातलं त्याला कुणी काही विचारत नाही. पण लग्न आटोपून शूटिंगवाल्याचा पेनड्राइव्ह घरात आला की पहिला फोन त्यालाच जातो. आमच्याकडे तो मान माझा. "अरे, तू जरा बघ ना," अशी सुरुवात होते. पुढे मावशी असेल तर "आमच्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय", आणि काका असतील तर "त्या शूटिंगवाल्याने गंडवलंय आपल्याला".

तक्रारी ठरलेल्या. आवाज येतो, चित्र येत नाही. चित्र येतं, आवाज येत नाही. सगळ्यांत करमणुकीची तिसरी: दोन्ही येतं, पण भटजींचे ओठ आधी हलतात आणि 'सावधान' मागाहून येतं. त्याचं कारण असं, की फोनचा कॅमेरा दर सेकंदाला ठरावीक चित्रं काढीलच असं नाही. कार्यालयात उजेड कमी पडला की तो सावकाशीने घेतो, आणि जुनं सॉफ्टवेअर मात्र गती एकच आहे असं धरून चालतं. कधीकधी सगळी मंडळी आडवीही दिसतात. 'हे चित्र उभं करून दाखवा' अशी सूचना फोनने फाइलमध्ये लिहून ठेवलेली असते, पण जुना प्लेअर ती वाचत नाही. मग मामी शालूसकट आडव्या होऊन हळदीकुंकू लावतात.

काकांचा एका उपायावर ठाम विश्वास आहे. फाइलच्या नावाचं शेपूट बदलायचं, 'डॉट एमओव्ही' खोडून 'डॉट एमपीफोर' लिहायचं, की झालं! हा विश्वास अगदीच निराधार नाही. व्हीसीडीच्या काळात 'डॅट' फाइलचं नाव 'एमपीजी' केलं की बहुतेक वेळा ती खरोखर चालायची. त्या एका यशावर काका अजून तग धरून आहेत. पण नाव म्हणजे नुसती डब्यावरची अक्षरं. बोर्नव्हिटाच्या डब्यात तूरडाळ असते हे मराठी घरात शिकवावं लागत नाही, मग कॉम्प्युटरपुढे बसल्यावरच डब्यावरच्या अक्षरांवर इतका भरवसा का? एमपीफोर नावाच्या डब्यात चित्र २००३ सालच्या एच-२६४ पद्धतीने दाबलेलं असेल, तर ते जवळजवळ कुठेही दिसतं. तेच २०१३ सालच्या एचईव्हीसी पद्धतीने दाबलेलं असलं, की जुना लॅपटॉप हात वर करतो. अॅपलच्या फोनांनी २०१७ पासून ही दुसरी पद्धत धरली, कारण तिला निम्म्याच्या आसपास जागा पुरते. त्यामुळे न्यू जर्सीत बारसं होतं आणि सांगलीतल्या आजीला काळ्या पडद्यावर नुसतं रडणं ऐकू येतं.

हे दुखणं आजचं नाही. कॅसेटच्या दिवसांत आपल्याकडचं चित्र ६२५ रेघांचं, सेकंदाला २५ चित्रं; अमेरिकेतलं ५२५ रेघांचं, सेकंदाला सुमारे ३०. नवी नवरी लोणच्याच्या बरणीबरोबर लग्नाची कॅसेट घेऊन जायची आणि तिथल्या व्हीसीआरमध्ये घालून शेजारणींना पट्टे दाखवायची. मग पैसे देऊन ती कॅसेट बदलून घ्यायची. पुढे त्याच लग्नाची व्हीसीडी झाली. मंगलाष्टकं पहिल्या सीडीत, पंगत दुसऱ्या सीडीत, आणि चित्र उणंपुरं ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. मग व्हीसीडीवरून एव्हीआय, एव्हीआयवरून फोन. दर वेळी नवरीच्या शालूची जर थोडी थोडी गेली.

ती कुठे गेली, हे समजून घ्यायला मला मजा वाटते. चित्र दाबताना त्याचे लहान लहान चौकोन पाडतात आणि डोळ्याला फारसा न जाणवणारा बारीक तपशील टाकून देतात. त्यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली प्रसिद्ध केलं. त्याआधी १९७२ साली अहमद यांनी या कामासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे पैसे मागितले होते. ते मिळाले नाहीत. कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा पडला. आज जगातली बहुतेक लग्नं याच साध्या कल्पनेवर साठवलेली आहेत.

दुसरी युक्ती कंजुषीची. पुढचं चित्र अख्खं लिहायचंच नाही. मागच्यापेक्षा काय बदललं तेवढंच टिपायचं. या हिशेबाने अंतरपाट हा सगळ्यांत गुणी. पांढरं कापड, हालचाल नाही, खर्च नाही. मांडी घालून बसलेले भटजीही स्वस्तात पडतात. मग शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट दूर होतो आणि चहूबाजूंनी अक्षता उडतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, मागच्या चित्राशी कशाचा मेळ नाही. बिचाऱ्या गणिताची तिथे दाणादाण होते. ज्या क्षणासाठी एवढा खर्च केला, नेमका तोच चौकोनाचौकोनांत फुटतो. हल्ली नवरीच्या प्रवेशाला धूर सोडतात आणि वरून चमचमते कागद उधळतात. आपण काय करतोय, याची त्या इव्हेंटवाल्यांना कल्पना नाही.

रूपांतराला बसलं की वेळेचाही भरवसा उरत नाही. पडद्यावर 'अकरा मिनिटं शिल्लक' येतं, चहा टाकून यावं तर 'दोन तास'. मे महिन्यात लॅपटॉपचा पंखा घरघरत असतो आणि शेवटच्या टक्क्याला वीज जाते. अर्धं तरी झालं असेल म्हणून उघडायला जावं, तर तेही नाही. कुठला तुकडा कुठे आहे त्याची यादी एमपीफोर फाइलमध्ये सहसा अगदी शेवटी लिहिली जाते, आणि ती नसली की बाकी सगळं असून नसल्यासारखं. कन्व्हर्टर फुकटातला असेल, तर पूर्ण झालेल्या फाइलीतही नवरीच्या कपाळावर मुंडावळ्यांच्या जागी कंपनीचं नाव झळकतं.

माझं मत विचाराल तर दहातल्या नऊ फाइलींना या यातना द्यायची गरजच नसते. पॅरिसच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून व्हीएलसी नावाचा प्लेअर तयार झाला. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं त्याचं चित्र बघून मावशीला रस्त्याचं काम चालू आहे असं वाटतं. तो जवळजवळ काहीही दाखवतो आणि फुकट आहे. त्यानेही भागलं नाही तर फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं एफएफएमपेग आहे. पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या कितीतरी कन्व्हर्टरांच्या पोटात तेच असतं. आतला माल घरच्या कॉम्प्युटरला चालणारा असेल, तर ते चित्राला हात न लावता नुसता डबा बदलून देतं. काम सेकंदांत होतं आणि जर जशीच्या तशी राहते.

तेव्हा फोन जरूर करा, पण त्याआधी एवढं बघा. रूपांतर झालं म्हणून मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून आलेली फाइल ही मूळ फाइल नव्हे. ती वाटेतच दाबली गेलेली असते. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. वेळ लागेल, पण पोचेल ती मूळचीच.