माझ्याकडे चालतंय

शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नये, हे हिंजवडीतल्या टपरीवाल्यालाही कळतं. आमच्या भाऊंना नाही. पावणेसहाला बटण दाबून ते चहाला जातात, सहाला सर्व्हर आडवा होतो आणि फोनवर शांत आवाज येतो, "माझ्याकडे चालतंय."

हे भाऊ तुमच्याही ऑफिसात आहेतच. लिफ्ट बंद पडली? "मी आलो तेव्हा चालत होती." सांबार आंबलं? "माझी वाटी बरी आहे." घरी वहिनींनी पंखा फिरत नसल्याची तक्रार केली, तर हे आतल्या खोलीतून ओरडले म्हणे, "माझ्याकडे फिरतोय!"

एकदा सर्व्हर म्हणाला, फाइल ६१.० ची आहे, मला ५२.० पर्यंतच कळतं. भाऊंनी लॅपटॉपवर परस्पर जावा १७ चढवलेली. सर्व्हर बिचारा २०१४ सालच्या जावा ८ वर संसार करतोय. दुसऱ्या खेपेला यॅमल फाइलीत पायथन ३.१० लिहिलं, अवतरणचिन्हं विसरले. मशीनने दशांश समजून शेवटचं शून्य उडवलं आणि ३.१ शोधत बसली. शाळेच्या गणिताने तिचं काही चुकलं नव्हतं.

शेवटी मी त्यांना नाइट कॅपिटलची गोष्ट ऐकवली. १ ऑगस्ट २०१२, अमेरिका. शेअर दलालीच्या या कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलर गेले. भाऊ गंभीर झाले. बराच वेळ कप फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सात ठिकाणी चालत होतं."

आता कबूल करायला जीभ रेटत नाही, पण रात्री दोनला फोन उचलणारे तेवढेच. पारले-जीचा पुडा घेऊन बसायचे, कुठली लायब्ररी कुणाच्या आडून जुनं व्हर्जन ओढून आणतेय ते एकेक ओळ वाचून शोधायचे. आणि नव्या पोराची चूक निघाली, की मेलमध्ये स्वतःचं नाव घालायचे.

मार्चअखेर भाऊंनी नोकरी सोडली. लॅपटॉप जमा झाला, फॉरमॅट झाला. पुढचा रिलीज कोसळला तेव्हा कळलं, एक जार फाइल फक्त त्याच लॅपटॉपवर होती.

रात्री अकराला फोन लावला. एरर वाचून दाखवली.

"माझ्याकडे..." भाऊ म्हणाले, आणि थांबले.