दहात तीन

यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या चहाटपरीवर सध्या एकच प्रश्न पेटलाय. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत भारी गडी कोण? जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांनी कामधंदा सोडून विचार करावा असाच हा प्रश्न आहे. टपरीवरच्या एकाही तज्ज्ञाने बेसबॉलची बॅट हातात धरलेली नाही. ती धरायला आधी मैदान लागतं, आणि मैदानावर बारा महिने कुठला ना कुठला सेल लागलेला असतो.

ही विद्या आली मोबाइलवर संघ लावून पैसे लावायच्या खेळातून. क्रिकेट नसेल त्या दिवशीही गिऱ्हाईक रिकामं बसू नये म्हणून अ‍ॅपवाल्यांनी बेसबॉल मांडून ठेवला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला आणि पैशांचा खेळ बंद झाला. पैसे गेले, अ‍ॅप गेलं, तज्ज्ञ तेवढे उरले. तिकडे पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. एकेका संघाचे मोसमात १६२ सामने. बाप रात्रीच्या लायनीवर मोटर चालवून घरी येतो, तर पोरगा आधीच उठून बसलेला. बापाला वाटतं, स्पर्धा परीक्षेचं मनावर घेतलं पोरानं.

सगळी भांडणं एका आकड्यावरून होतात. ‘तीनशे अकराचा गडी हाय तो, तीनशे अकरा!’ ‘आन् तुह्या त्या दोनशे अठ्ठ्याण्णववाल्याले तू गडी म्हणतं काय बे?’ परवा यावरून कटिंगचा ग्लास फुटला. हा आकडा म्हणजे फलंदाज हजार वेळा उभा राहिला तर किती वेळा नीट मारून तळावर पोचेल, त्याचा हिशेब. तीनशेच्या वर गेला की गडी थोर. म्हणजे दहात तीन. उरलेल्या सात वेळा हा थोर पुरुष कधी चेंडू हुकवून, म्हणजे ‘स्ट्राइकआउट’ होऊन, कधी आणखी कसा बाद होऊन बॅट घेऊन मुकाट्याने परत जाऊन बसतो. तरी लोक उभं राहून टाळ्या वाजवतात आणि मालक कोट्यवधी डॉलरच्या करारावर सही करतो. दहात चार कुणाला जमले तर त्याची दंतकथा होते. दहात दहाची अपेक्षा कोणी करत नाही, कारण समोरचा माणूस चेंडू फसवायलाच टाकतो हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आता हाच हिशेब जरा घाटंजी, राळेगाव, मारेगावकडच्या कोरडवाहू कपाशीला लावून पाहा. दहा हंगाम धरा. एकदा पाऊस येऊन गायब झाला, दुबार पेरणी. एकदा, म्हणजे २०१७ साली, गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून खाल्ली, आणि त्याच साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसं मेली, हे टपरीवर कोणाला आठवत नाही. एकदा ऐन वेचणीत पाणी पडलं. एकदा पीक झकास आलं तर भाव बसला. एकदा भाव होता, तर खरेदी केंद्रावर यंत्राची सुई १२ टक्के ओलाव्याच्या पुढे गेली आणि गाडी परत. त्या सुईपुढे अपील नाही, रिप्ले नाही. पंचाने चष्मा पुसून पुन्हा पाहावं, एवढीही सोय नाही. हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये असल्याचं सरकारने २०२५-२६ साठी जाहीर केलेलं असतं, आणि ट्रॅक्टरवाला परतीचं भाडं मागत असतो. एवढं होऊनही या माणसाने दहात तीन हंगाम काढले. तीनशेचा गडी झाला की नाही? मग त्याचा करार कुठाय? टाळ्या कुठायत? बँकेच्या लेखी तो थकबाकीदार. सोयऱ्यांच्या लेखी शेती न जमणारा. आणि पहाटे साडेचारला त्या परदेशी तीनशेवाल्यासाठी जीव टाकणारं त्याचं स्वतःचं पोरगं चारचौघांत सांगतं, ‘बुढ्याले काही जमत नाही.’ अरे, ज्या डेटा पॅकवर तू हे ज्ञान मिळवतोस तो त्याच कापसातून भरलाय!

त्या खेळातला आणखी एक नियम मला रात्री झोपू देत नाही. चार चेंडू भलतीकडे पडले आणि फलंदाजाने त्यांना बॅट लावली नाही, तर पंच त्याला सरळ पहिल्या तळावर पाठवतो. गडी चालत जातो. अर्ज नाही, सातबारा नाही, आधार लिंक नाही. वर ती खेळी सरासरीत धरतसुद्धा नाहीत, कारण चेंडूच वाईट होता, त्याला फलंदाज काय करणार! आपल्याकडे चेंडू वाईट पडला तर पीकविम्यासाठी २०२४ च्या हंगामापर्यंत ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. शेतात गुडघाभर पाणी, मोबाइलला रेंज नाही, तरी फोटो काढून चढवायचा. मग पंचनामा. पंचनाम्याला माणूस येईस्तोवर पाणी ओसरून जमिनीला भेगा पडलेल्या असायच्या, आणि तो विचारायचा, ‘पाणी कुठं हाय?’

हे सगळं मी परवा टपरीवर मांडलं. तीनशे अकरावाला तज्ज्ञ बराच वेळ गंभीरपणे ऐकत होता. मग खर्रा गालात सरकवत म्हणाला, ‘तुमचं बरोबर हाय भाऊ, पण आमचा बुढा स्ट्राइकआउट लय होते.’