समुद्राला जाळी

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर. तरीही कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर समुद्र आहे. पाकिटातलं मीठ आरओच्या पाण्यात कालवून, सापेक्ष घनता १.०२५ येईपर्यंत ढवळून केलेला. ज्या घरात रिमोटलाही प्लॅस्टिकचं कव्हर आणि फ्रिजवर क्रोशाचा रुमाल, तिथे ही महागामोलाची माशांची टाकी मात्र उघडी! का? तर म्हणे, पाण्याला हवा लागायला हवी.

लागते की! एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. खारटपणा चढू नये म्हणून रोज पुन्हा आरओचं पाणी ओता. खाली सोसायटी टँकरची वाट बघतेय. वर अरबी समुद्र काठोकाठ.

काचेचं झाकण ठेवलं की उष्णता कोंडते, म्हणजे चिलरचं बिल. शिवाय काचेवर मिठाचे ओघळ सुकतात आणि पोवळ्यांचा उजेड अडतो. मधला मार्ग म्हणजे चौकटीत ताणलेली बारीक जाळी. वाफ काही ती अडवत नाही, पण रात्री दचकून उडालेला फायरफिश पाण्यातच परततो. तरी हौशी मत्स्यप्रेमींना हा खर्च अनाठायी वाटतो. एखादा हजारांचा मासा सोफ्यामागे सुक्या बोंबलासारखा सापडेपर्यंत.

मग खिडक्यांना जाळ्या बसवणाऱ्याला तातडीने बोलावणं जातं. तो टेप लावून माप घेतो, टाकीत वाकून बघतो आणि विचारतो, "साहेब, डास आत जातात की बाहेर येतात?"