पाच स्टेशनं आणि मूठभर मटकी

आमच्या गटात यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण आणि पाटस अशी पाच माणसं होती. पुणे-दौंड मार्गावरची ही ओळीनं पाच स्टेशनं. बी.एड.च्या वर्गात गट पाडायची वेळ आली तेव्हा मॅडमनी हजेरीपट मिटला आणि ‘दौंड लाइनवाले एकत्र बसा’ असं फर्मान काढलं. गाडी चुकली तर अख्ख्या गटाची एकदम चुकेल, हा त्यांचा हिशेब. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना नावानं हाक मारणंच सोडलं. मी केडगाव.

विषय मिळाला ‘अध्यापनात कला व तंत्रज्ञान यांचे एकात्मीकरण’. २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं, तेव्हा त्यात नाट्य आणि कलेचा एक घटक आला, माहिती-तंत्रज्ञानाचा दुसरा. दोन्ही वेगवेगळे शिकवतात, दोन्हींच्या वेगवेगळ्या फायली करून घेतात आणि मग एक दिवस सांगतात, आता हे दोन्ही एक करून आणा. लग्न जमवणारे निदान आधी पत्रिका तरी बघतात.

यवतला नाटकाचं वेड. कुठलाही धडा द्या, त्याचं उत्तर पथनाट्य. पचनसंस्था? पथनाट्य. लघुत्तम साधारण विभाज्य? पथनाट्य, फक्त पात्रं जास्त लागतील. खुटबावकडे लॅपटॉप होता, त्यामुळे निवडणूक न होता ती गटप्रमुख झाली. पाटस म्हणजे पाटसताई, दोन मुलांची आई. आम्ही चर्चा करत असताना त्या काम करून मोकळ्या व्हायच्या, हा त्यांचा एकच दोष. आणि कडेठाण. त्या स्टेशनावर मोजक्याच गाड्या थांबतात आणि आमचा कडेठाणही मोजक्याच बैठकांना थांबायचा. ग्रुपवर त्याचा फक्त अंगठा यायचा. तो होकार आहे, पोच आहे की चुकून लागलाय, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

बैठका अर्थातच गाडीत. हडपसर सुटलं की चर्चेला तोंड फुटायचं, लोणीला मतभेद व्हायचे, उरुळीला यवत रुसायचा आणि यवतला उतरून जायचा. मग उरलेल्यांचं ताबडतोब एकमत व्हायचं. आमचे सगळे ठराव यवत ते खुटबाव या टप्प्यात मंजूर झालेले आहेत. यवतनं एकदा चौफुल्याहून ढोलकी आणून तालावर अपूर्णांक शिकवू, असं सुचवलं. कल्पना खरं तर चांगली होती. पण पाटसताईंनी विचारलं, “पालकांनी विचारलं ढोलकी कुठून आणली, तर काय सांगायचं?” चौफुल्याची कला केंद्रं ज्यांना ठाऊक आहेत ते सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

शेवटी वाटही ताईंनीच दाखवली. “फाळक्यांनी वाटाणा उगवला होता ना? आपण मटकी उगवू.”

आणि खरंच की! दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण पैसे घालायला कुणी धजेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर रोप झरझर वाढताना दाखवलं. ‘अंकुराची वाढ’. कला, तंत्रज्ञान आणि सहावीचं विज्ञान एकाच कुंडीत! पैसेवाल्याला पटलं आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आम्हाला फक्त वीस गुण हवे होते.

फाळक्यांना महिनाभर थांबावं लागलं. मटकी बिचारी दोन दिवसांत मोड काढून मोकळी होते. पाच मिनिटांना एक फोटो, म्हणजे दिवसाचे २८८. सेकंदाला २४ चित्रं पळवली की अख्खा दिवस १२ सेकंदांत उरकतो. इथवर सगळं सोपं. पण त्यासाठी कुणाचा तरी फोन दोन दिवस मटकीसमोर उभा राहणार, हे लक्षात आलं आणि डब्यात शांतता पसरली. यवतला नाटकाच्या तालमीचे निरोप येणार होते. खुटबावचा फोन हँग होत होता, आत्ताच व्हायला लागला होता. सगळ्यांच्या नजरा कडेठाणकडे वळल्या. याला फोन लागतोच कशाला? अंगठा तर प्रत्यक्षातही दाखवता येतो.

त्यानं फोन दिला, अट एकच. फोन चालू ठेवायचा आणि कुणाचा आला तर उचलून ‘तो वर्गात आहे’ असं सांगायचं.

मटकी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवली. ताटलीत ओलं फडकं, त्यावर मूठभर मटकी, समोर डब्याला टेकवून फोन. आईनं एक नजर टाकली. “एवढ्यात कुणाचं भागणार?” मी सांगितलं, ही खायची नाही, शिकवायची आहे. “मग नंतर?” या प्रश्नाचं उत्तर आमच्या आराखड्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी परत आले तेव्हा आई आणि कडेठाणच्या मामांची चांगली ओळख झालेली होती. मामा मुलीचं स्थळ घेऊन फोन करत होते, आई ‘तो वर्गात आहे’ सांगून पुढे मुलीचं शिक्षण विचारत होती. आमच्या चित्रफितीत एके ठिकाणी मोड एकदम पेरभर उडी मारतात. तिथे मामा आहेत.

इकडे खुटबावनं अहवालातलं ‘स्थानिक संदर्भ’ हे प्रकरण इंटरनेटवरून उतरवलं होतं. त्यात केडगावच्या रेणुकामातेच्या मंदिराचं सुरेख वर्णन होतं. म्हटलं, बाई, हे नगरचं केडगाव. ती म्हणाली, केडगाव ते केडगाव. मग ते प्रकरण मी लिहायला घेतलं. आमच्या केडगावला संदर्भ शोधायला जावं लागत नाही, तो स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे. पंडिता रमाबाई १८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथं फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकल्या. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल, आणि हाताळता हाताळता शिकणारं मूल. पुढे दुष्काळात सापडलेल्या मुलींना घेऊन त्यांनी इथं मुक्ती मिशन उभं केलं. तिथं विणकाम होतं, शेती होती, तेलाचा घाणा होता आणि छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि त्याचे खिळे जुळवले मिशनातल्या मुलींनीच. रमाबाई १९२२ला गेल्या, ग्रंथ १९२४ला निघाला. आमची तर मुखपृष्ठाच्या रंगावरून तीन दिवस बोलणी बंद होती.

त्या मुलींची नावं विचाराल तर आम्हा केडगावकरांनाही सांगता येणार नाहीत. फाळक्यांकडे फिल्मला भोकं पाडायचं, ती धुवायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. गटकार्याची ही परंपरा आम्हीही इमानानं पाळली. काम पाटसताईंनी केलं आणि मुखपृष्ठावर पहिलं नाव खुटबावचं आलं, कारण टाइप तिनं केलं. यवतचं नाव दुप्पट मोठ्या अक्षरात होतं; कसं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सादरीकरणाच्या दिवशी पडद्यावर मटकी फुगली, तडकली, शेपट्या काढून वळवळायला लागली. वर्ग हसला. आणि मध्येच, डोळा लवतो न लवतो तोच, दोन हिरव्या बांगड्या घातलेला हात आला, पाणी शिंपडून गेला. आम्ही पाचही जण हादरलो. आईला नंतर विचारलं, तर म्हणाली, “सुकत चालली होती. तुमच्या फोनला दिसत नव्हतं का?”

मॅडमनी फीत थांबवली. “तंत्रज्ञान कळलं. यात कला कोणती?”

खुटबावनं स्लाइड शोधायला सुरुवात केली. यवत पुढे सरसावला, पथनाट्याची पूर्वतयारी त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. पाटसताई तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कडेठाण म्हणाला, “हात, मॅडम.”

वीसपैकी सतरा. पाचही जणांना सारखे.

आईनं अहवाल उलटसुलट करून पाहिला आणि आपलं नाव शोधलं. मी तिला ऋणनिर्देशाचं पान काढून दिलं. प्राचार्य, ग्रंथपाल, झेरॉक्सवाले आणि शेवटी ‘या कार्यास लागलेले ज्ञात-अज्ञात हात’. “यातला मी कुठला?” तिनं विचारलं. मी म्हटलं, ज्ञात. तू तर पडद्यावर आलीस. तिनं पुस्तक मिटलं आणि संध्याकाळी मटकीत आणखी दोन वाट्या मटकी घालून उसळ केली, आणि फोडणी देताना फोन तिथंच राहिला.

रात्री कडेठाणला त्याचा फोन पोचता केला. थोड्या वेळानं ग्रुपवर त्याचं पहिलं पूर्ण वाक्य आलं: “फोनला हिंगाचा वास येतोय, उसळ उरली आहे का?” खाली यवत, खुटबाव आणि पाटसताईंचे अंगठे.