दाढांना लगाम

सुंदर दिसायचं तर आधी भयंकर दिसावं लागतं, हे नववीत कोणी सांगितलं असतं तर मी पुढे आलेले दात घेऊन सुखाने जगले असते. नुसत्या तारेचं काही नव्हतं, तारवाल्या वर्गात आणखीही होत्या. मला हेडगिअर. वरच्या दाढांवरच्या नळ्यांत अडकवलेली तार ओठांतून बाहेर येऊन दोन्ही गालांवरून वळायची आणि मानेमागच्या निळ्या पट्ट्याला जोडलेली असायची. पट्ट्याने दाढा मागे ओढायच्या. रोज निदान 12 तास, तेही वाढीच्या वयातच. नंतर हाडं ऐकत नाहीत. नुसत्या झोपेत 12 तास भरेनात, म्हणून उरलेले संध्याकाळी, मारुती मंदिराजवळच्या क्लासला जाता-येता.

अख्खी रत्नागिरी माझ्याकडेच बघते अशी माझी खात्री होती. तशी ती आधीपासूनच होती. पट्ट्यामुळे कारण मिळालं इतकंच. "ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे डांबलं, पण राजवाडा तरी बांधून दिला," असं मी आईला ऐकवलं. "1886 ला आला, राजवाडा मिळाला 1910 ला," आई पोळी लाटता लाटता म्हणाली. "तू दोन वर्षं थांब."

त्यात डॉक्टरांनी चिकट आणि कडक खाणं बंद केलं. ऐन मे महिन्यात! हापूस चालला, त्याला रेषा नसतात. रायवळ चोखला की तारेत रेषांची जाळी. फणसाचं दुःख मात्र वेगळंच. मी जन्माची कापावाली, आणि मला बरक्याच्या पंगतीत बसवलं. बरक्याचा गरा आपला आपण घशाखाली उतरतो, असं आजी कौतुकाने सांगायची. त्याला मी खाणं म्हणत नाही, ती घसरगुंडी आहे. तळलेले गरे बंद. आठळ्या उकडून, वर कुस्करून. आणि फणसपोळी! चोरून एक तुकडा खावा, तर तो तारेला असा बिलगतो की टाचणी घेऊन आरशासमोर बसावं लागतं. नेमकी तेव्हाच आत्या येते.

"बरं केलंस हो वहिनी. पुढे लग्नात अडायला नको."

आतेभावाचे दात हुबेहूब माझ्यासारखे. पण ते 'आजोबांवर गेलेले'. त्याचे दात घराण्याची ठेव, माझे म्हणजे दुरुस्तीचं काम! हे लिहितानाही माझं डोकं तापतंय. मला तेव्हा फक्त भूमितीत पास व्हायचं होतं.

आजोबांवर बाबांचेही दात गेले होते. हसू आलं की त्यांचा हात आपसूक तोंडावर जायचा. लग्नाच्या फोटोतही ओठ मिटलेले. आत्या गेल्यावर ते माझ्या पट्ट्याचा हूक नीट बसवत म्हणाले, "लग्नाबिग्नाचं सोड गो. तुला तोंडावर हात न ठेवता हसता आलं की झालं."

परवा कळलं, आतेभावाने चाळिशीत दातांना पारदर्शक साचे बसवून घेतलेत. "त्याला मीटिंगा असतात गो," आत्या म्हणाली. त्याच्यासाठी मी मुद्दाम फणसपोळी आणून ठेवली होती. पण ते साचे म्हणे खाताना काढून ठेवता येतात. मग मीच खाल्ली.